‘रोहिणीतून शुद्ध रक्त वाहते’ हे वाक्य चूक कसे? आणि शरीरशास्त्राचा अभ्यास कोठून सुरू करावा?

दौत-टाक:

नमस्कार. यंदा शाळेत मी मानवी शरीररचना आणि शरीरक्रिया हा विषय ऐच्छिक म्हणून घेतला आहे. शरीराविषयी कुतूहल होते म्हणून घेतला, परंतु दोन चाचण्यांनंतर ते कुतूहल टिकेल की नाही अशी शंका येऊ लागली आहे. हाडांची नावे पाठ केली, हृदयाची आकृती आठ वेळा काढली, वहीत रंगीत पेनांनी सगळे नीटनेटके लिहिले. तरीही आठवड्याभराने त्यातले निम्मे आठवत नाही आणि जे आठवते ते कोठे लावायचे ते कळत नाही.

एक उदाहरण देते. गेल्या चाचणीत रोहिणी आणि नीला यांतील फरक विचारला होता. ‘रोहिणीतून शुद्ध रक्त वाहते आणि नीलेतून अशुद्ध रक्त वाहते’ असे मी लिहिले आणि त्याला शून्य गुण मिळाले. लहान वर्गांपासून मी हेच वाक्य ऐकत आले आहे, आकृतीतही एक वाहिनी तांबडी आणि दुसरी निळी असते, शिवाय ‘नीला’ या नावातच निळेपणा आहे. बाईंना विचारले तेव्हा ‘फुप्फुसाकडे जाणारी वाहिनी पाहा’ एवढेच उत्तर मिळाले. ती पाहिली आणि गोंधळ अधिकच वाढला.

माझे वाक्य नेमके कोठे चुकले, हे कोणी समजावून सांगेल का? आणि आधी सगळी रचना पाठ करून मग कार्याकडे वळावे, की दोन्ही बरोबरच करावे? आमच्या पुस्तकात आधी सांगाडा, मग स्नायू, मग एकेक संस्था असा क्रम आहे.

जुना फळा:

मी बरीच वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शून्य गुण देणे जरा कडक झाले, पण तुझ्या बाईंनी बोट अगदी योग्य जागी ठेवले आहे. रोहिणी आणि नीला यांची व्याख्या रक्ताच्या रंगावरून होत नाही, रक्ताच्या दिशेवरून होते. हृदयाकडून रक्त दूर नेते ती रोहिणी आणि हृदयाकडे रक्त परत आणते ती नीला. काही पुस्तकांत यांनाच धमनी आणि शिरा म्हटलेले असते. आता उजव्या निलयातून, म्हणजे हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यातून, फुप्फुसांकडे जाणारी वाहिनी पाहा. ती हृदयापासून दूर जाते, म्हणून ती रोहिणी. परंतु तिच्यातले रक्त ऑक्सिजन घेण्यासाठीच निघालेले असल्यामुळे त्यात ऑक्सिजन कमी असतो. फुप्फुसांतून डाव्या अलिंदात, म्हणजे डाव्या वरच्या कप्प्यात, येणाऱ्या नीलांमध्ये नेमकी उलट स्थिती असते. रक्ताचे एक चक्र हृदयापासून साऱ्या शरीरातून फिरून येते आणि दुसरे हृदयापासून फुप्फुसांतून. तुझे वाक्य पहिल्या चक्रात जवळजवळ चालून जाते आणि दुसऱ्यात सपशेल उलटे पडते.

‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द तर या प्रकरणातून काढूनच टाकावेत असे माझे मत आहे. वृक्कातून (मूत्रपिंडातून) बाहेर पडणाऱ्या नीलेतल्या रक्तात युरिया या टाकाऊ पदार्थाचे प्रमाण वृक्कात शिरणाऱ्या रोहिणीतल्यापेक्षा कमी असते. मग त्यांतले शुद्ध कोणते म्हणायचे? रंगाचे म्हणशील, तर माणसाचे रक्त कधीच निळे नसते. ऑक्सिजन भरपूर असेल तेव्हा ते लालभडक दिसते आणि कमी असेल तेव्हा काळपट लाल. त्वचेखालच्या नीला निळसर भासतात, तो त्वचेत शिरून परत येणाऱ्या प्रकाशाचा परिणाम आहे. नाव ठेवणाऱ्याने जे डोळ्यांना दिसले त्यावरून नाव ठेवले, एवढेच.

आता पुस्तक मिटून स्वतःचा हात पाहा. हात काही क्षण खाली सोडला की पंजाच्या पाठीवरच्या नीला फुगून वर येतात. त्यांतली एखादी सरळ आणि फाटे न फुटलेली नीला निवड. दुसऱ्या हाताच्या एका बोटाने ती पंजाच्या बोटांकडील बाजूस दाबून धर, दुसऱ्या बोटाने तेथून मनगटाच्या दिशेने रक्त पुसत पुढे ने आणि मग हे दुसरे बोट उचल. वाटेत झडप असेल तर तिच्या अलीकडचा भाग सपाटच राहतो, कारण पुढे गेलेल्या रक्ताला झडप मागे येऊ देत नाही. पहिले बोट उचलताच तो भाग बोटांकडून झरकन भरतो. ज्यांच्या नीला ठळक नसतात त्यांना हे नीट दिसत नाही, तेव्हा घरात एक-दोघांच्या हातांवर करून पाहावे. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दंड बांधून याच जातीचा प्रयोग आकृत्यांसह दाखवला आहे.

हार्वे यांचे दुसरे साधन साधा गुणाकार हे होते, आणि तो तूही कर. विश्रांतीच्या स्थितीत एका ठोक्याला डाव्या निलयातून सुमारे ७० मिलिलीटर रक्त बाहेर पडते. मिनिटाला ७० ठोके धरले तर ते ४,९०० मिलिलीटर, म्हणजे जवळजवळ पाच लीटर होते, आणि प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण रक्तच साधारण तेवढे असते. खाल्लेल्या अन्नापासून दर मिनिटाला पाच लीटर नवे रक्त तयार होणे शक्य नाही. तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. हार्वे यांनी धरलेले आकडे याहून कितीतरी लहान होते, तरीही त्यांचा निष्कर्ष टिकला. रोहिणीतले रक्त नीलेत जाते कोठून, हे मात्र त्यांना पाहता आले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, मार्चेल्लो माल्पीगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली रोहिणी आणि नीला यांना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म केशवाहिन्या पाहिल्या आणि तो दुवा जुळला.

क्रमाविषयी माझे उत्तर असे की, रचना आणि कार्य वेगळी करू नयेत. आकृतीत डाव्या निलयाची भिंत उजव्या निलयाच्या सुमारे तिप्पट जाड दिसते. ही गोष्ट ‘डावी जाड, उजवी पातळ’ अशी पाठ केलीस तर परीक्षेच्या दिवशी उलटसुलट होणारच. त्याऐवजी असे विचार की, डाव्या निलयाला रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत ढकलायचे आहे आणि त्यासाठी साधारण १२० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब निर्माण करायचा आहे, तर उजव्याला शेजारच्याच फुप्फुसांपर्यंत पोहोचायचे आहे आणि तेथे सुमारे २५ पुरतो. येथे बहुतेक विद्यार्थी एक चूक करतात: डावी बाजू बळकट, म्हणजे ती अधिक रक्त ढकलते, असे लिहितात. दोन्ही बाजूंच्या मापात थोडा जरी फरक पडला तर काय होईल ते पाहा. उजव्या बाजूने दर ठोक्याला डावीपेक्षा फक्त एक मिलिलीटर जास्त रक्त ढकलले, तर मिनिटाला ७० मिलिलीटर आणि पाव तासात एक लीटरहून अधिक रक्त फुप्फुसांत साचेल. दोन्ही बाजूंचे माप सारखेच राहावे लागते. वेगळा असतो तो दाब.

कोपर-गुडघा:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरील सरांचे म्हणणे मान्य आहे, तरीही एका बाबतीत वेगळे मत नोंदवते. नावांच्या पाठांतराला नावे ठेवण्याची हल्ली पद्धत पडली आहे, पण नाव माहीत नसेल तर प्रश्न तरी कशाविषयी विचारणार? नावे पाठ करावीच लागतात. फक्त ती कागदावर पाठ न करता अंगावर पाठ करावीत.

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात हे तुला माहीत असेलच. त्यांपैकी एका हाताच्या पंजात आणि मनगटात मिळून २७ आणि एका पावलात घोट्यासह २६ असतात. म्हणजे दोन्ही हात आणि दोन्ही पावले मिळून १०६, निम्म्याहून जास्त. सांगाड्याची यादी वरून खाली पाठ करत गेले की विद्यार्थी नेमके येथे येऊन थकतात.

एक करून पाहा. उजवा हात कोपरापासून टेबलावर टेकव आणि तळवा वर ठेव. डाव्या हाताचे बोट उजव्या कोपराच्या टोकावर ठेवून करंगळीच्या बाजूने मनगटाकडे सरकव. त्वचेखाली एका हाडाची धार सलग हाताला लागते. हे अल्ना. बोट त्या धारेच्या मध्यावर तसेच ठेवून तळवा पालथा कर. धार जवळजवळ जागची हलत नाही, पण अंगठ्याच्या बाजूचे दुसरे हाड, रेडियस, तिच्यावरून तिरके होऊन पलीकडे जाते. किल्ली फिरवताना आपण हेच करतो. एकदा हे बोटाखाली जाणवले की रेडियस अंगठ्याकडे की करंगळीकडे, हा प्रश्न पुन्हा पडत नाही.

कोपराच्या आतल्या बाजूला ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, याचा अनुभव प्रत्येकाला असतो. ती कळ हाडाची नव्हे. दंडाच्या हाडाच्या आतील उंचवट्यामागच्या खोबणीतून अल्नर नावाची चेता (मज्जातंतू) अगदी त्वचेलगत जाते, आणि तिच्यावर आघात झाला की मेंदूला तो त्या चेतेच्या प्रदेशातून, म्हणजे करंगळी आणि अनामिकेचा करंगळीकडील अर्धा भाग येथून, आल्यासारखा वाटतो. पुढच्या वेळी कोपर आपटेल तेव्हा कळवळून झाल्यावर कोणती बोटे झिणझिणली ते लक्षात ठेव.

नावांचा अर्थ पाहण्याची सवयही लावून घ्यावी. ‘अलिंद’ म्हणजे संस्कृतात घराच्या दारापुढील ओसरी आणि ‘निलय’ म्हणजे राहण्याची जागा, घर. रक्त आधी ओसरीवर येते आणि मग घरात जाते. एवढे कळले की अलिंद वर की निलय वर, हा गोंधळ संपतो. एक सावधगिरीही सांगते: हिंदीतील चित्रफिती पाहून अभ्यास करत असशील तर ‘पेशी’ आणि ‘स्नायू’ हे शब्द जपून वाच. मराठीत पेशी हा सजीवाचा सूक्ष्मतम घटक आहे आणि स्नायू आकुंचन पावतो. हिंदीत त्या घटकाला कोशिका म्हणतात, ‘मांसपेशी’ म्हणजे आपला स्नायू, आणि ‘स्नायु’ हा शब्द तेथे चेतांसाठीही वापरला जातो. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीने यापायी एक पूर्ण प्रकरण उलटे समजून घेतले होते.

कोरा कागद:

वरच्या उत्तरांत एक साधी गोष्ट राहून गेली आहे. आकृतीतले ‘उजवे’ हे आकृतीतल्या व्यक्तीचे उजवे असते, पाहणाऱ्याचे नव्हे. समोर उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात जसा आपल्या डावीकडे येतो, तसे हृदयाचे उजवे अलिंद पानाच्या डाव्या बाजूला छापलेले असते. आठ वेळा आकृती काढूनही गोंधळ होत असेल तर हे तपासून पाहावे. शिवाय आकृती समोर ठेवून आठ वेळा उतरवण्यापेक्षा ती न पाहता कोऱ्या कागदावर दोनदा काढावी आणि मग दुसऱ्या रंगाने दुरुस्त करावी. आपल्याला काय येत नाही ते त्या दुसऱ्या रंगातच दिसते.

दौत-टाक:

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या हातावरच्या नीला फारशा दिसत नाहीत, पण आजोबांच्या हातावर प्रयोग लगेच जमला, आणि त्यांनीही तो पुन्हा पुन्हा करायला लावला. कोऱ्या कागदावर काढलेल्या हृदयात माझ्या त्रिदल आणि द्विदल झडपांची अदलाबदल झाली होती, आणि कारण तेच निघाले: मी पानाची उजवी बाजू हृदयाची उजवी समजत होते.

आता एक नवा प्रश्न. पुढचे प्रकरण उत्सर्जन संस्थेचे आहे. त्यात लिहिले आहे की दोन्ही वृक्के मिळून दिवसाला सुमारे १८० लीटर द्रव गाळतात आणि त्यातून मूत्र मात्र एक-दोन लीटरच तयार होते, कारण उरलेले सगळे पुन्हा रक्तात शोषले जाते. हे वाचून मला शरीराचा रागच आला. जे परत घ्यायचे आहे ते आधी बाहेर टाकायचेच कशाला? नको असलेले तेवढे वेचून फेकणे अधिक सोपे नव्हते का?

जुना फळा:

हा प्रश्न विचारलास म्हणजे गाडी रुळावर आली. आधी आकडा पडताळून घे. दोन्ही वृक्कांत मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलीटर द्रव गाळला जातो. दिवसाची १,४४० मिनिटे धरली तर बरोबर १८० लीटर होतात. शरीरातला रक्तद्रव, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणारा रक्ताचा पातळ भाग, जेमतेम तीन लीटर, म्हणजे तोच रक्तद्रव दिवसातून साठ वेळा गाळणीवर येतो.

प्रत्येक वृक्कात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळण्याचे काम करणाऱ्या सूक्ष्म नळ्या, असतात. त्यांच्या आरंभी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो आणि त्याच्या भिंतीतून रक्ताच्या दाबाने पाणी, क्षार, ग्लुकोज, अमिनो आम्ले, युरिया असे सर्व लहान कण बाहेर ढकलले जातात. रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिने मोठी असल्यामुळे मागे राहतात. या टप्प्यावर हवे-नको असा विचार नाही, फक्त आकाराची चाळणी आहे. निवड होते ती पुढच्या लांब नलिकेत, आणि तेथे हव्या असलेल्या पदार्थांसाठी ठरलेले वाहक असतात.

आता तुझी सूचना अमलात आणून पाहू. नको असलेले तेवढे वेचायचे तर प्रत्येक नको असलेल्या पदार्थासाठी वेगळा ओळखणारा वाहक हवा. उद्या अन्नातून किंवा औषधातून शरीराने कधीही न पाहिलेला पदार्थ आला तर त्याला ओळखणार कोण? तो रक्तात फिरतच राहील. याउलट सगळे बाहेर काढून ओळखीचे तेवढे परत घेतले, तर अनोळखी पदार्थ आपोआप बाहेर राहतो. खच्चून भरलेले कपाट आवरताना आपण हेच करतो; सगळे जमिनीवर काढतो आणि लागणारे तेवढे परत ठेवतो. काही पदार्थ नलिका स्वतःहूनही मूत्रात सोडते, आणि जे स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात ते नलिकेतून आपसूक परतही जातात, म्हणून त्यांना आधी यकृतात बदलून घ्यावे लागते. पण मुख्य युक्ती हीच.

वाहकांची संख्या मर्यादित असते, हेही येथेच समजून घे. रक्तातील ग्लुकोज साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर गेले की गाळले गेलेले सगळे ग्लुकोज परत घेणे वाहकांना जमेनासे होते आणि उरलेले मूत्रात जाते. मधुमेहात मूत्रातून साखर जाते ती यामुळे; वृक्क बिघडले म्हणून नव्हे. (१८० हा आकडा दोनदा आला तो निव्वळ योगायोग आहे; एकदा लीटर आणि एकदा मिलिग्रॅम, गल्लत करू नकोस.) त्या साखरेबरोबर पाणीही ओढले जाते, म्हणून मूत्र वाढते, आणि मूत्र वाढते म्हणून तहान वाढते. ही तीन लक्षणे वेगवेगळी पाठ करण्याची गरज उरत नाही.

दौत-टाक:

कपाटाचे उदाहरण माझ्या आईलाही पटले, फक्त माझे कपाट पाहून. सर, एक शेवटची शंका आहे. ‘हृदयाकडे रक्त परत आणते ती नीला’ हे मी आता सगळीकडे लावून पाहत आहे आणि एका ठिकाणी ते अडले. आतड्यांकडून निघणाऱ्या पोर्टल व्हेनला पुस्तकात नीला म्हटले आहे, पण ती हृदयाकडे जातच नाही, यकृतात जाऊन संपते. मग ती नीला कशी?

जुना फळा:

अपवाद स्वतः शोधून आणलास, उत्तम. ही वाहिनी केशवाहिन्यांपासून निघते आणि पुन्हा केशवाहिन्यांतच फुटते. आतडी, जठर, प्लीहा आणि स्वादुपिंड यांतले रक्त एकत्र होऊन तिच्यातून यकृतात येते, तेथील सूक्ष्म वाहिन्यांत पसरते, आणि नंतर यकृताच्या स्वतःच्या नीलांमधून हृदयाकडे जाते. म्हणजे दिशा हृदयाचीच आहे, वाटेत एक मुक्काम वाढला आहे. मुक्कामाचे कारणही उघड आहे: अन्नातून शोषलेले ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि त्यांच्यासोबत आलेले घातक पदार्थ सर्व शरीरात पसरण्यापूर्वी यकृताच्या हातून जावेत. ग्लुकोज साठवून ठेवायचे की पुढे सोडायचे हे तेथे ठरते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या मार्गाने येते, आणि ते ऑक्सिजनच्या दृष्टीने काहीसे कमी भरलेले असल्यामुळे उरलेले चतुर्थांश वेगळ्या रोहिणीतून पुरवावे लागते.

अशीच दुसरी छोटी व्यवस्था मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका ग्रंथी यांच्यामध्ये आहे. अंतःस्रावी ग्रंथींचे प्रकरण येईल तेव्हा ती भेटेल. तोवर उत्तरपत्रिकेत नीलेची व्याख्या लिहिताना ‘हृदयात रक्त आणणारी’ असे न लिहिता ‘हृदयाच्या दिशेने रक्त नेणारी’ असे लिही, म्हणजे पोर्टल व्हेनही तीत बसेल.